पीळ मोजला, बाक राहिला

सोमवार, ४ मार्च

रोजनिशी लिहिणाऱ्यातली मी नाही. दिवसभर करायचं ते केलं, संपलं. तेच पुन्हा कागदावर कशाला? आज लिहायला बसले याचं कारण एवढंच की धुलाईघरातल्या मोठ्या यंत्राचा दांडा सकाळी तुटला आणि तो कसा तुटला याच्या चार जणींनी चार गोष्टी सांगितल्या. एक म्हणे, आधी कटकट आवाज आला. दुसरी म्हणे, आवाज वगैरे काही नाही, एकदम धाडकन. तिसरीच्या मते पिंप कालपासूनच डुलत होतं. चौथीला सगळे घुमीच म्हणतात. यंत्र तीच चालवते. ती काहीच बोलली नाही. ती चौथी गोष्ट म्हणून मी धरते. उद्या यातली एकही गोष्ट आजच्यासारखी राहणार नाही, म्हणून मी माझी लिहून ठेवते.

मोठं यंत्र म्हणजे आडवं पोलादी पिंप, माणूस वाकून आत शिरेल एवढं. त्याच्या पाठीतून मनगटाएवढा दांडा निघतो, बेअरिंगमधून पलीकडे येतो आणि वीतभर पुढे त्याच्या टोकाला मोठी पुली आहे. खाली मोटर. मोटर आणि पुली यांच्यामध्ये रबरी पट्टा. दांडा बेअरिंगच्या तोंडाशीच जाडाचा बारीक होतो, तिथे त्याला पायरी आहे. तुटला तो बरोबर पायरीवर.

रुग्णालयाच्या चादरी या एकाच यंत्रात मावतात. लहान यंत्र आहे, पण ते म्हणजे हौदाच्या जागी लोटा.

जानेवारीत हे स्टुलावरून पडले. दिवा बदलत होते. मी शिडी घ्या म्हटलं होतं. मांडीचं हाड वरच्या बाजूला मोडलं, डॉक्टरांनी आत सळई घातली, आणि तेव्हापासून हे वरच्या मजल्यावर पलंगावर आणि खालचा कारभार माझ्याकडे. मी आल्यावर शिस्त लागली हे कुणीही कबूल करेल. गठ्ठ्यांवर खडूने खुणा, खडूचा फळा दाराशी. चहा दोनदाच्या ऐवजी एकदा. आणि पट्ट्याचा आवाज बंद. हे यंत्र सुरू होताना पट्टा किंचाळायचा. लग्न होऊन या घरात आल्यापासून रोज सकाळी मी तो ऐकला. यांना शंभरदा सांगितलं, पट्टा ताणून घ्या. हे म्हणायचे, बघू. मी पहिल्याच आठवड्यात घुमीच्या हाती पाना दिला, मोटर पुलीपासून लांब सरकवून पट्टा ताणायला लावला आणि तीन दशकांची किंकाळी दहा मिनिटांत संपली.

यांना दांड्याचं सांगितलेलं नाही, यंत्र तेलपाण्यासाठी बंद आहे एवढंच म्हटलं. हाड जुळून येतंय, डोक्याला त्रास नको.

मंगळवार, ५ मार्च

धाकट्याकडे गेले. माझा धाकटा भाऊ टर्नर आहे, समोरच्या गल्लीत त्याचा लेथ आहे. मी यंत्रशास्त्राची पदवी घेतली तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. हा शाळेतून पळून लेथवर बसला. आज दोघांचेही केस पिकले, पण मी दारात उभी राहिले की अजून त्याला वाटतं मी त्याचं प्रगतिपुस्तक बघायला आले.

कालपासून मी हिशेब केला होता. मोटरची ताकद किती, पिंप मिनिटाला किती फिरतं, त्यावरून दांड्याला पीळ किती पडतो. पिळाच्या मानाने दांडा भरपूर जाड आहे, दुपटीहून जास्त. म्हणजे दोष जाडीत नाही, पोलादात. जुनं, थकलेलं पोलाद. मी नवा दांडा अधिक कठीण पोलादाचा सांगितला, आणि नकाशा काढून दिला.

तो जुना तुकडा हातात फिरवत होता. म्हणाला, जुन्याच्या पायरीच्या कोपऱ्यात गोलाई आहे, तुझ्या नकाशात नाही. मी म्हटलं, जुन्याच्या कोपऱ्यात ओबडधोबडपणा आहे, त्याला गोलाई म्हणू नकोस. बेअरिंग पायरीला घट्ट टेकलं पाहिजे. कोपरा काटकोनी हवा, स्वच्छ, कागदाची घडी घालावी तसा.

"तू म्हणशील तसं, ताई," तो म्हणाला.

शुक्रवार, ८ मार्च

दांडा बसला. धाकट्याने काम सुंदर केलं आहे, तसं त्याला सांगितलं नाही. कोपरा इतका धारदार की नखाने चाचपला तर नख अडकतं. घुमी पाना घेऊन मोटरपाशी बसली. पट्टा ताणला. तिने वर बघून विचारलं, आणखी?

मी म्हटलं, आणखी.

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. मग यंत्र चालू केलं. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

वर गेले तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. म्हणाले, "खालून आवाज येत नाही."

"येणारच नाही," मी म्हटलं.

ते हं म्हणाले.

शुक्रवार, १५ मार्च

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि काही घडू नये हाच उद्देश आहे.

बेअरिंग हाताला कोमट लागतं. नवं आहे, हळूहळू बसेल. पट्टा पुन्हा थोडा सैलावला होता, सकाळी बारीकशी चीं ऐकू आली. लगेच ताणून घेतला. घुमीने आज आणखी का असं विचारलं नाही, आपणहून ताणला. शिकते आहे.

बायका माझ्या पाठीमागे मला खळबाई म्हणतात. आज पडद्यामागून ऐकलं. खळ घातल्याशिवाय कापड उभं राहत नाही, हे त्यांनाच रोज दिसतं, तरी.

बुधवार, २० मार्च

यांनी विचारलं, बायका आल्या का. सकाळचे नऊ वाजून गेले होते, यंत्र केव्हाच चालू होतं. म्हटलं, कधीच्या. म्हणाले, कळत नाही आता. मी बैठकीतलं घड्याळ काढून त्यांच्या समोरच्या भिंतीवर लावून दिलं. आता प्रश्न नको. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि छान आहे म्हणाले. लग्नातलं घड्याळ आहे, ते त्यांनी प्रथमच बघितल्यासारखं.

मंगळवार, २६ मार्च

दांडा पुन्हा तुटला. त्याच जागी. जुना किती वर्षं चालला कुणाला आठवत नाही, नवा तीन आठवडेही चालला नाही.

दुपारी रुग्णालयाच्या मेट्रनबाई स्वतः आल्या. त्या आवाज चढवत नाहीत, मला त्यांचा हाच गुण आवडतो. तिन्ही मजले फिरून आले, म्हणाल्या, एकाही मजल्यावर उद्याची चादर नाही. आठवडा देते. त्यानंतर यंत्र तिसऱ्यांदा बंद पडलं तर मी तुम्हाला फोन करून विचारणार नाही, गाडी दुसरीकडे वळवेन. मी म्हटलं, बरोबर आहे. बरोबरच आहे.

रुग्णालय गेलं तर मोठ्या यंत्राला काम उरत नाही. मग या चार जणींना घरी पाठवावं लागेल, आणि खाली लहान यंत्र, इस्त्रीचं टेबल आणि मी. हे उठून जिना उतरतील तेव्हा त्यांच्या हातात परत द्यायला काहीतरी असलं पाहिजे. मी सांभाळायला घेतलं आणि बुडवून ठेवलं, असं व्हायला नको.

बायका आज हौदात हाताने चादरी धूत होत्या. कुणी कुरकुर केली नाही. त्यामुळे जास्त त्रास झाला.

यांना सांगितलं, यंत्र तेलपाण्यासाठी बंद आहे. म्हणाले, महिन्यात दुसऱ्यांदा? फार प्यायला लागलंय ते.

बुधवार, २७ मार्च

धाकट्याशी वाजलं. दोन्ही तुकडे त्याच्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, पोलाद कुठून आणलं होतंस.

तो तुकड्यांकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पोलाद तू सांगितलंस ते. नकाशा तुझा, कोपरा तुझा, माप तुझं. माझा त्यात फक्त घाम होता."

मी म्हटलं, "मग घामच भेसळीचा असेल."

हे मी बोलायला नको होतं की काय, हे ठरवायच्या आत त्याने लेथ चालू केला. लेथ चालू असताना त्याला ऐकू येत नाही. निदान तसा त्याचा दावा आहे. तुकडे उचलून परत आले.

दुसरा टर्नर शोधायला हवा. शहरात काही हा एकटाच नाही.

गुरुवार, २८ मार्च

दोन टर्नर पाहिले. एकाने तुकडा बघून सांगितलं, दुप्पट जाड करा. मग बेअरिंग बदलावं लागेल, पुली बदलावी लागेल, यंत्राची पाठ कापावी लागेल. दुसऱ्याने सांगितलं, नशीब. त्याला मी नमस्कार करून निघाले.

शुक्रवार, २९ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच पटणार नाही.

सकाळी हौदाची मोरी तुंबली. घुमी तारेचा एक हँगर घेऊन उकिडवी बसली. तिला त्याचा आकडा करायचा होता, तर लांब तार तोडायला हवी होती. तिने आधी तार पिळून बघितली. तुटेना. मग एकाच जागी धरून वाकवली, उलटी वाकवली, पुन्हा वाकवली, पुन्हा उलटी. फार जोर लावत नव्हती, आपली मोरीकडे बघत हात चालवत होती. तार तुटली. तिने आकडा केला, मोरी मोकळी केली आणि गेली. मी मात्र तिथेच राहिले. हँगर रोज तुटतात. त्यात बघण्यासारखं काय आहे? पण माझ्या हिशेबात फक्त पीळ होता.

फळ्याशी गेले, दोन खडू घेतले. एक पिळून तोडला: तुटलेली कड तिरकी, जिन्यासारखी वळत गेलेली. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवायचे, सरांचे खडू संपायचे आणि मुलं हसायची. दुसरा वाकवून तोडला: कड सरळ, आडवी, सपाट. पोलाद खडूसारखं कटकन तुटत नाही, मान्य. पण दिवसेंदिवस हळूहळू वाढणाऱ्या चिरेला पोलादातही अशीच दिशा असते. मग दांड्याचे तुकडे उजेडात नेले. तोंड सरळ. आडवं. सुरीने काकडी कापावी तसं. कडेला, बरोबर कोपऱ्यात, एका ठिपक्यापासून शिंपल्यावर असतात तशा कमानी निघालेल्या, एकीमागून एक, गुळगुळीत. त्या पार पलीकडे पोहोचत आलेल्या, आणि शेवटचा घास तेवढा खडबडीत, ताजा. म्हणजे तो त्या सकाळी तुटला नव्हता. तो रोज तुटत होता आणि त्या सकाळी उरला नाही.

पिळाने नाही. वाकून.

पण वाकवलं कुणी? दांड्याचं टोक बेअरिंगच्या बाहेर वीतभर लोंबतं. त्या टोकाला पुली, आणि पुलीला खाली ओढणारा पट्टा. पट्टा जितका ताणलेला तितका टोकाला बाक. डोळ्याला दिसेल एवढा नाही, केसाहून कमी. दांडा स्थिर असता तर काही बिघडलं नसतं, बाक घेऊन जन्मभर बसला असता. पण तो फिरतो. खडूने त्याच्या अंगावर एक ठिपका केला आणि तुकडा हातात फिरवून बघितला: ठिपका वर असतो तेव्हा तिथलं पोलाद ओढलं जातं; तोच अर्धा फेरा होऊन खाली आला की दाबलं जातं. वर ओढ, खाली दाब, वर ओढ, खाली दाब. प्रत्येक फेऱ्याला घुमीचा हँगर एकदा इकडे आणि एकदा तिकडे. दिवसाला वीस हजार फेरे तरी होतात. आणि पायरीचा कोपरा धारदार, म्हणजे सगळी ओढ येऊन त्या एका रेषेवर गोळा होणार, गर्दी अरुंद दाराशी होते तशी. कठीण पोलादाला तर कोपऱ्यातली खाच आणखीच सोसत नाही.

हिशेब दुपारी पुन्हा मांडला. पीळ होता तेवढाच आहे. बाकाचा ताण त्याच्या कितीतरी पट निघाला. आकडा इथे लिहीत नाही.

पट्टा जास्त ताणला गेला होता, असं दिसतं.

शनिवार, ३० मार्च

धाकट्याकडे गेले. लेथ बंद होता, तो जेवत होता. डबा झाकायला लागला, मी म्हटलं जेव. मग खिशातून खडू काढला, पिळून तोडला, दुसरा वाकवून तोडला, आणि चारही तुकडे त्याच्या डब्याशेजारी ठेवले. शेजारी दांड्याचं तोंड. त्याने घास गिळला आणि दोन्हीकडे बघितलं. वीतभर लोंबणारं टोक, फिरता दांडा, ओढ आणि दाब, हे सगळं मी त्याला सांगितलं. शेवटी मी म्हटलं की पट्टा प्रमाणाबाहेर ताणला गेला होता.

"गेला होता?" तो म्हणाला. "आपोआप?"

मी म्हटलं, पाना घुमीच्या हातात होता.

"आणि घुमी कुणाच्या तोंडाने बोलते?"

त्याने भिंतीवर खिळ्यांना लटकवलेली हत्यारं मी मोजली. मग म्हटलं, "कोपरा तुझ्या पद्धतीने कर."

"म्हणजे गोल?"

"म्हणजे गोल."

"ओबडधोबड चालेल?"

"गोल, आणि गुळगुळीत. पोलाद पहिल्या दांड्याचं होतं तसलं, मऊ. बेअरिंगच्या कडेला तेवढी मोकळी जागा दे म्हणजे ते गोलाईवर चढणार नाही. आणि पुली वीतभर बाहेर नको. चार बोटांवर आण. मोटरही तेवढीच आत सरकवू. टोक आखूड झालं की तीच ओढ कमी वाकवते."

त्याने डबा बंद केला, हात पुसले, पोलादाची कांब निवडायला उठला. पाठमोराच म्हणाला, "दाजींच्या मांडीत डॉक्टरांनी दांडा घातलाय ना? त्याचा कोपरा गोल आहे का ते विचारलंस?"

"तू घाम तपासून घे," मी म्हटलं.

तो हसला. लेथ चालू केला, पण मी बाहेर पडेपर्यंत थांबून.

मंगळवार, २ एप्रिल

मेट्रनबाईंच्या मुदतीचा शेवटचा दिवस. दांडा दुपारच्या आत बसला. मोटर आत सरकवायला धाकटा आणि त्याचा शेजारी, दोघं लागले. गोलाई बोटाला लोण्यासारखी लागते. पुली बेअरिंगला चिकटूनच बसल्यासारखी दिसते, मला ते दिसायला आवडत नाही, पण दिसणं हा मुद्दा नाही.

घुमी पाना घेऊन बसली. ताणू लागली. माझ्याकडे बघितलं.

"पुरे," मी म्हटलं.

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आणखी?"

"आणखी नाही. उलट अर्धा फेरा सैल कर."

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की बोटभर आत गेला पाहिजे, एवढंच. तिने दाबून बघितला, मी दाबून बघितला. ओल्या चादरी भरल्या, कळ दाबली.

तो किंचाळला. भर्रकन एकदा, मग खाली येत येत थांबला आणि पिंप फिरू लागलं. चौघी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या. मी म्हटलं, काय बघताय, कामाला लागा.

तेवढ्यात वरून छतावर काठीचे दोन ठोके पडले.

वर गेले तर हे पलंगावर उठून बसलेले होते. आधाराशिवाय. डॉक्टरांनी आधाराशिवाय बसायचं नाही असं सांगितलं आहे, ते त्यांना बजावायचंही राहिलं. म्हणाले, "चालू झालं वाटतं."

मग मी बसून सगळं सांगितलं. दोन दांडे, मेट्रनबाई, धाकटा, हँगर, खडू. ते ऐकत होते. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का, पट्टा सैल का ठेवायचा ते.

"मला कसला हिशेब ठाऊक असणार," ते म्हणाले. "तो ओरडला की मला कळायचं, बायका आल्या, तूही उठलीस, आता पाच मिनिटांत कुणीतरी चहा आणणार. म्हणून ताणला नाही."

"एवढ्यासाठी तीस वर्षं?"

"तू शंभरदा सांगितलंस, तेव्हा मला वाटायचं एकदा ताणावा. पण मग चहाचं कळलं नसतं."

मी घड्याळाकडे बघितलं. ते बंद होतं. विचारलं, कधीपासून. म्हणाले, लावलंस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सांगितलं का नाही, तर म्हणे, तू एवढं लावलंस.

बायकांना सांगितलं, चहा पूर्वीसारखा दोनदा.

गुरुवार, १८ एप्रिल

दुसरा दांडा जितके दिवस टिकला, त्याच्या जवळपास आलो. सकाळी यंत्र किंचाळलं की वरून काठीचे दोन ठोके येतात. बेअरिंग हाताला गार लागतं. मी दिवसातून दोनदा हात लावते. घुमीही लावते, मी बघत नाही असं वाटलं की.

मेट्रनबाईंचा फोन आला होता. चादरींना कडक घडी कमी घाला, रुग्णांना टोचते, म्हणाल्या. खळ निम्मी केली.

शनिवार, १८ मे

दीड महिना झाला. नुसत्या हाताच्या गारव्यावर विश्वास ठेवून बसणं मला जमेना. आज यंत्र थांबवून पुली काढली आणि दांडा तपासला. धाकट्याला बोलावून घेतलं. तपासणी त्याच्या कामाची होती आणि त्याच्या पाठीमागे व्हायला नको.

रीत जुनी आणि सोपी आहे. गोलाईवर रॉकेल चोळायचं, थोडं थांबायचं, कोरडं पुसून काढायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. कुठे केसाएवढी जरी चीर असली तरी आत शिरलेलं रॉकेल बाहेर पाझरतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. खडू मी बारीक कुटून आणला होता. घुमीने चोळलं, धाकट्याने पुसलं, मी पूड टाकली. मग तिघं उकिडवे बसलो. बाकीच्या तिघी इस्त्री सोडून मागे उभ्या राहिल्या, मी काही म्हटलं नाही.

दांडा हळूच हाताने फिरवत होतो, पाव फेरा, थांबायचं, पाव फेरा. एका ठिकाणी धाकट्याने दांडा धरून थांबवला, मलाही काळं दिसलं. घुमीने पदराच्या टोकाने टिपलं. घामाचा थेंब होता, धाकट्याच्या कपाळावरून पडलेला.

"बघ," तो मला म्हणाला, "भेसळ नाही."

पूर्ण फेरा झाला. पांढरं ते पांढरंच राहिलं.

मी पुन्हा एकदा फिरवायला लावला. तरी पांढरं. मग गुडघे धरून उठले. धाकट्याला म्हटलं, काम चांगलं आहे. त्याने कान पुढे केला, लेथ बंद असतानाही ऐकू येत नाही म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणणार नव्हते, पण म्हटलं.

सोमवार, २४ जून

हे आज जिना उतरून खाली आले. काठी घेऊन, एक एक पायरी, मी पुढे आणि घुमी मागे. खाली येऊन खुर्चीवर बसले, यंत्र थांबलेलं होतं. घुमीला म्हणाले, लाव. तिने कळ दाबली, तो किंचाळला, यांनी डोळे मिटले आणि काठी दोनदा जमिनीवर आपटली. चहा आला. बायका हसत होत्या. माझ्याकडे बघून एकीने खळबाई म्हटलं, तोंडावर, आणि जीभ चावली. मी म्हटलं, खळ आता निम्मीच आहे.

ही वही मी चार जणींच्या चार गोष्टींसाठी सुरू केली. आता गोष्ट एकच उरली आहे आणि ती सगळ्यांना सारखी आठवते, तेव्हा वही बंद करते. आज कुणाला काय दिलं, त्याची नोंद:

धुलाईघराच्या किल्ल्या यांना परत दिल्या. यंत्र चालू, रुग्णालयाचं काम चालू, चौघी कामावर. बैठकीतलं घड्याळ दुरुस्त करून पुन्हा बैठकीत लावलं; यांना त्याची गरज नाही.

तुटलेल्या दोन्ही दांड्यांचे तुकडे धाकट्याला दिले. एकाचं तोंड त्याने दुकानाच्या खिडकीत ठेवलं आहे, कमानी दिसतील असं. खाली खडूने लिहिलं आहे, कोपरा ताईचा. पुसायला लावणार होते, राहू दिलं.

पट्ट्याचा पाना घुमीला दिला. तो तिच्याच खिळ्यावर राहील. पट्टा किती ताणायचा हे तिने अंगठ्याने ठरवायचं. त्यात कुणी सूचना करायची नाही. हातात घेऊन तिने विचारलं, "तुम्ही सांगितलं तरी?"

मी सांगितलं तरी.